करपण्याच्या अलीकडची चव

"सर, यापुढे थेंबही नाही," असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माझ्या पत्नीने निकाल मनासारखा लागल्यासारखी मान हलवली. मी मात्र त्या क्षणी घरच्या फडताळात ठेवलेल्या एका पुड्याचा विचार करत होतो. तो आदल्याच दिवशी कुरियरने आला होता आणि मी तो अजून फोडलाही नव्हता.

डॉक्टरांविषयी गैरसमज नको, म्हणून सांगतो. माझ्या यकृताला सूज होती. ती चरबीमुळे आणि वर्षानुवर्षे घेतलेल्या काही औषधांमुळे आली होती. "तुमची ती घरची बियर हे कारण नव्हे," असे ते स्वतःच म्हणाले, "पण कारण कोणतेही असो, आता त्या यकृतावर आणखी काम टाकायचे नाही." विधान स्पष्ट होते. आयुष्यभर मुलांकडून स्पष्ट विधानांचा आग्रह धरल्यावर आता त्यातून पळवाट शोधणे मला शोभले नसते.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे. निवृत्त झालो त्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याने मला घरी बियर करण्याच्या साहित्याची पेटी भेट दिली. इतरांनी शाल आणि नारळ दिले, याने झाकणाची बादली, नळी आणि तापमापक दिला. मी फार पिणारा कधीच नव्हतो. एखाद्या लग्नात अर्धा पेला, एवढीच माझी मजल. पण पेटीतली माहिती वाचता वाचता माझ्या लक्षात आले की, जे मी फळ्यावर खडूने शिकवत आलो, ते विकर, ते किण्वन, ती द्रावणाची घनता, हे सगळे इथे एकाच पातेल्यात डोळ्यांसमोर घडणार होते. नेरुळच्या घराचे स्वयंपाकघर आठवड्यातून एक दिवस माझी प्रयोगशाळा झाले.

पत्नीने विरोध केला नाही, फक्त नियम सांगितला. "पातेला जसा घेतला तसा घासून जागेवर ठेवाचा. बाकी तुमचा काय ता करा."

तिचे माहेर इथेच, सारसोळ्यात. मी सातारा जिल्ह्यातून नोकरीसाठी आलो तेव्हा तिच्या वडिलांच्या चाळीत खोली घेतली होती. पुढचे सांगायला नको. इतकी वर्षे माझ्याबरोबर राहूनही तिच्या बोलण्यातले सारसोळे गेले नाही, आणि तिच्या सहवासात माझ्या बोलण्यातला सातारा मात्र बराच पुसट झाला. बाजारात ती मासळी उचलून नुसती नाकाशी नेते आणि कोळणीला सांगते, "ही कालची हाय, बाय." कोळीण वाद घालत नाही. या गोष्टीकडे मी इतकी वर्षे केवळ संसारातली सोय म्हणून पाहत होतो.

आता त्या पुड्याविषयी. बियरचा पाया म्हणजे जव. जवाला मोड आणायचे आणि मोड येताच ते वाळवायचे, की त्याचा माल्ट होतो. आपल्याकडे बाळासाठी नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतात, तेच हे तत्त्व. साधा माल्ट रंगाने फिका आणि चवीला पावासारखा असतो. परंतु काही माल्ट निराळ्या रीतीने तयार करतात. मोड आलेले जव वाळवण्याआधीच, ओले असतानाच, बंदिस्त ठेवून ऊब देतात. त्यामुळे दाण्यातल्या पिठाची साखर सालाच्या आतच तयार होते. मग भट्टीत भाजले की ती साखर आतल्या आत वितळते, तांबूस होते आणि थंड झाल्यावर काचेसारखी घट्ट बसते. हा कॅरॅमल माल्ट. कमी भाजला तर त्याला मधाची चव येते, जास्त भाजला तर चिक्कीची, आणि काळसर होईपर्यंत भाजला तर काळ्या मनुकांची, खजुराची आणि करपण्याच्या अगदी अलीकडे थांबवलेल्या साखरेची. माझ्या पुड्यात हा शेवटचा, गडद प्रकार होता.

तो फार थोडा घालावा लागतो. नवशिका माणूस रंगाच्या मोहाने हात सैल सोडतो आणि बियरचा पाक करून बसतो. मीही ते केले होते. त्याआधी घाबरून इतका कमी घातला होता की बियर फिक्या चहासारखी दिसली. मला हवी असलेली बियर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होती. ती मी कधी प्यायलो नव्हतो, पण पेल्यात कशी दिसेल आणि जिभेवर कशी उतरेल हे मला पाठ होते. त्यासाठीच हा माल्ट शोधून मागवला होता. आणि तो घरात आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मला थेंबाची मनाई झाली.

कोणी म्हणेल, मग करायची नाही. निर्णय सोपा होता, तरी तो मला घेता येईना. सोमवारपासून शनिवारपर्यंत मी निवृत्त माणूस असे. बियर करण्याच्या दिवशी पातेल्यापुढे तापमापक धरून उभा राहिलो, की मी पुन्हा शिक्षक होई. ते सोडून द्यायचे म्हणजे दुसऱ्यांदा निवृत्त व्हायचे. आणि न चाखता करत राहायचे, तर ते डोळे मिटून काढलेले चित्र झाले असते.

काही चव मला अजून मोकळी होती, हे खरे. माल्ट गरम पाण्यात मुरवून जो गोड काढा निघतो, त्यात मद्य नसते. यीस्ट घालण्याआधी तो मी चमचाभर चाखू शकत होतो. पण काढा बियरविषयी फारसे सांगत नाही. यीस्ट त्यातली बहुतेक साखर खाऊन टाकते. गोडी गेल्यावर मागे जे उरते ती बियर, आणि गडद माल्टचे सगळे कर्तृत्व त्या उरण्यातच असते. तिथे पोहोचायला मला दुसऱ्याची जीभ हवी होती.

एका दुपारी पत्नी कोथिंबीर निवडत बसली होती. मी तिच्यासमोर खुर्ची ओढली.

"तू चाखशील का?"

"काय?"

"बियर. माझ्यासाठी. घोटभरच."

तिने कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. "मास्तर, लग्नात सासूबाईंनी मना काय सांगितला होता? माझ्या पोराला व्यसन लागू देऊ नको. आता पोरानंच सुनंला लावाचा का?"

"व्यसन नाही. निरीक्षण."

"हळदीला एकदा लहानपनी घेतली होती मी चोरून. थुंकली."

"का थुंकलीस? कशी लागली?"

तिने क्षणभरही विचार केला नाही. "साबनाच्या पान्यात मेथी उकळल्यागत."

मी मनात तिला तिथेच पैकीच्या पैकी गुण दिले. कडू, असे कोणीही म्हणाले असते.

ती तयार झाली ती माझ्या आग्रहामुळे नव्हे. ते तिने स्वतःच सांगितले. "मी नाय बोलले तर तुमी माझ्या पाठी गपचूप जीभ लावाल. त्यापरीस मीच पिते." तिला माझी राखण करायची होती. मला चव हवी होती. उद्देश वेगळे होते, पण कृती एकच होती, आणि संसारात एवढे पुरते.

मी तिचे रीतसर शिक्षण सुरू केले. पळीत साखर घेऊन ती मंद आचेवर वितळवली. एक पळी सोनेरी होताच उतरवली, दुसरी तांबूस झाल्यावर, तिसरी धूर धरू लागताच. तिन्ही वेगवेगळ्या वाट्यांत पाण्यात विरघळवल्या, तिला डोळे मिटायला सांगितले आणि क्रम बदलून चमचे दिले.

"ही जत्रंतल्या चिक्कीवाल्याच्या कढईची." तिने पहिला चमचा परत केला. "ही... खजूर भिजत घातलेला पानी. आन् ही," तिने तोंड वाकडे केले, "माझ्या आईच्या हातनं एकदा पाकाचा गूळ लागला होता. सगळी चाळ वासानं भरलीवती. तिनं तरी आमाला तेच लाडू खायला लावले."

तिन्ही उत्तरे बरोबर होती. माझ्या शाळेत प्रात्यक्षिकाला बसलेली मुले इतकी निवांत कधी नसत.

पावसाळा संपत आला होता, तरी खाडीकडून येणारी हवा ओलीच होती. वाळत घातलेले कपडे दोन दोन दिवस दोरीवर लोंबत. मी पुडा फोडून माल्ट स्टीलच्या डब्यात काढून ठेवला होता. यीस्टची वाट पाहण्यात काही दिवस गेले. ते आल्यावर एका सकाळी मी पातेले चढवले.

एक गोष्ट इथे नमूद करायला हवी. त्याआधी माझा नियम असा होता की, भरडण्यापूर्वी प्रत्येक माल्टचे चार दाणे चावून पाहायचे. त्या दिवशी मी ते केले नाही. डॉक्टरांनी मनाई थेंबाला केली होती, दाण्याला नव्हे. पण माझ्या मनात एक रुसवा होता, आणि चाखायचेच नाही तर काहीच चाखायचे नाही, असा मी हट्ट धरला होता. गडद माल्टचा डबा उघडला तेव्हा वास सुरेख आला, भाजक्या वस्तूचा खमंग वास. दाणे मिक्सरमध्ये छान टचटच फुटले. मोजून घेतले, जाडसर भरड केली आणि मुख्य माल्टबरोबर गरम पाण्यात टाकली. तापमान हवे तिथे स्थिर राहिले. गाळलेल्या काढ्याचा रंग कोकमाच्या आगळासारखा गडद आणि स्वच्छ आला. हॉप्स, म्हणजे बियरला कडवटपणा देणारी वाळवलेली फुले, घालून उकळले, थंड केले, यीस्ट सोडले. सगळे नियमानुसार झाले. बादलीच्या झाकणावरच्या नळीतून बुडबुडे यायला लागले, तशी पत्नी येता-जाता बादलीला म्हणे, "चालू दे तुझा."

बियर बाटल्यांत भरून मुरायला पुरेसा वेळ दिल्यावर आम्ही पहिली बाटली उघडायचे ठरवले. त्याच संध्याकाळी माझा मेहुणा, पत्नीचा धाकटा भाऊ, सारसोळ्याहून निवट्या, खाडीतली ताजी मासळी, घेऊन आला होता. बाटली पाहून तो बसलाच.

"दाजी, एकटे एकटे?"

"मी नाही. तुझी ताई."

"ताई?" तो इतका हसला की हातातली पिशवी त्याने सोफ्यावर ठेवली, आणि पत्नीने ती तशीच उचलून मोरीत नेली.

मी दोन पेल्यांत थोडी थोडी ओतली. फेस तपकिरी आणि दाट बसला. प्रकाशासमोर धरल्यावर कडेला माणकासारखी लाली दिसत होती. मी आजवर केलेल्या बियरमध्ये दिसायला ही सगळ्यांत देखणी होती. मेहुण्याने एका दमात पेला संपवला.

"दाजी! एक नंबर. कडक!"

पत्नीने घोट घेतला, तोंडात फिरवला, मी शिकवला होता तसाच, आणि गिळून माझ्याकडे पाहिले. तिला ते बोलणे जड जात होते, हे मला दिसत होते.

"करपलाय."

"काय करपलंय?"

"सुका बोंबील चुलीवर भाजताना त्याची कड काळी होते ना? मासा नाय. ती कड. ती लागते."

"ताई, तुला काय कळतंय?" मेहुणा म्हणाला. "काळी बियर अशीच असते. विकतची पिऊन बग."

"तू गप. तुला तर परवाची आंबलेली सोलकढी पन एक नंबर लागलीवती."

"ती चांगलीच होती!"

"रात्रभर कोन धावत होता मग?"

मी त्यांच्या भांडणात पडलो नाही, कारण मी माझ्याच भांडणात पडलो होतो. कृती बरोबर होती. तापमान बरोबर होते. माल्ट करपवण्याजोगे मी काहीच केले नव्हते. बियर वर्षानुवर्षे पिणारा माणूस उत्तम म्हणतो, आणि आयुष्यात एकदा चोरून घोट घेतलेली बाई करपल्याचे म्हणते. मी अनुभवाच्या बाजूने कौल दिला.

"तुला गडद माल्टची सवय नाही," मी तिला म्हणालो. "पहिल्यांदा ते तसंच लागतं."

तिने पेला खाली ठेवला. "मंग त्यालाच विचारत जावा," ती म्हणाली आणि निवट्या साफ करायला निघून गेली. त्या दिवशीचे कालवण अप्रतिम झाले होते. ते वाढताना ती मेहुण्याशी बोलली, माझ्याशी नाही.

पुढचे काही दिवस मी त्या बाटल्यांकडे पाहत राहिलो. मेहुण्याला दुसरी बाटली दिली. तीही एक नंबर होती. पत्नीला विचारण्याचे धाडस केले तेव्हा ती म्हणाली, "मी खोटा बोलू का? सांगा, बोलते." दोन मोजमापे दोन टोकांची उत्तरे देत असतील आणि खरे कोणते हे तपासायला तिसरे साधन नसेल, तर प्रयोग तिथे थांबतो. मी वर्गात हेच शिकवले होते. मला ना तिच्या जिभेवर विसंबता येत होते, ना त्याच्या. माझी स्वतःची मला बंद होती. सीवूड्सला राहणारे एक ओळखीचे गृहस्थ घरी बियर करू पाहत होते. मी त्यांना फोन करून सांगितले की बादली, नळी, तापमापक, सगळे येऊन घेऊन जा.

पेटी भरायला मी दुपारची वेळ निवडली. पत्नी खिडकीशी बसून मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. मी बादली धुऊन पुसून ठेवली, नळ्या गुंडाळल्या, हॉप्सचे पाकीट टाकले. शेवटी गडद माल्टचा डबा हातात आला. त्यात निम्मा माल उरला होता. बियर नव्हे, निदान दाणा तरी, असे म्हणून मी चार दाणे तोंडात टाकले.

कॅरॅमल माल्टचा दाणा चावला की आधी कठीण लागतो, मग काचेसारखा फुटतो, आणि मग दाढेखाली खजुराची गोडी पसरते. हा दाणा फुटला तो कोळशासारखा. जिभेवर कडवट राख आली. त्या कडवटपणाच्या टोकाशी, मला शपथेवर सांगता येईल, काळ्या झालेल्या बोंबलाची कड होती.

"अगं," मी म्हणालो, "हा डबा कोणी उघडला होता?"

मशीन थांबले. "मीच. कनाला?"

"उघडून काय केलंस?"

"सादळला होता तुमचा माल. दाना चामड्यागत लागत होता हाताला. तुमी पावसाच्या दिवसांत झाकन सैल ठेवता, कितीदा सांगितला." ती सुई सोडून वळली. "चिवडा सादळला का काय करतो आपन? तसाच घातला कढईत. मंद आचेवर. चांगला कुरकुरीत केला आन् भरून ठेवला. लोखंडाची जाड कढई घेतली मुद्दाम, तुमच्या कामाचा म्हनून."

"कधी?"

"तुमी ता शिजवलात त्याच्या आदल्या दिशी. तुमी फिराला गेलेवता." माझा चेहरा पाहून तिचा आवाज उतरला. "बिघडला का?"

मला हसू आवरत नव्हते. डब्यासकट खाली बसलो. आतली साखर आधीच करपण्याच्या काठावर आणून थांबवलेला माल्ट, त्याला आणखी एकदा कढईत फिरवल्यावर त्याचे काय होणार? आणि या घरात सादळलेल्या वस्तूला दुसरे काय करणार? चकली, पापड, चिवडा, शेंगदाणे, सगळ्यांना आम्ही हेच औषध देत आलो होतो. मी स्वतः तो डबा उघडून सादळलेला पाहिला असता, तर कदाचित मीही तिलाच म्हणालो असतो, जरा कढईत फिरवून दे.

"हसता कनाला?"

"तू बरोबर होतीस," मी म्हणालो. "बियर करपलीच होती."

ती बोटांवर मोजल्यासारखी म्हणाली, "म्हंजे माझा बरोबर होता."

"होय."

"आन् माझा भाऊ चुकला."

"होय."

"आन् तुमी पन."

"मी पण."

"ता जरा मोठ्यानं बोला. मशीनचा आवाज होता."

मशीन केव्हाच बंद होते. तरी मी मोठ्याने बोललो.

मग मात्र तिचे डोळे भरले. "पन करपवला मीच ना? मना वाटला, तुमाला कुरकुरीत बरा पडल. आधीच तुमचा तोंड उतरला होता त्या दवाखान्यातनं आल्यापासनं."

मी डबा बाजूला ठेवून तिच्याजवळ गेलो. तिला जे सांगितले ते मी तिचे सांत्वन म्हणून सांगितले नव्हते, ते मला खरोखर तसेच दिसत होते. प्रयोगशाळेत सगळ्यांत अवघड गोष्ट हीच असते की, नळीत काय घातले आहे हे माहीत असलेला माणूस त्याला हवे तेच पाहतो. म्हणून मोठमोठ्या प्रयोगांत चव घेणाऱ्यापासून ते लपवून ठेवतात. तू माल्ट भाजलास, पण त्याने बियरमध्ये काय होते हे तुला ठाऊक नव्हते. तुला कोणी काही सांगितले नव्हते. उलट अनुभवी माणूस समोर बसून वेगळेच सांगत होता, आणि नवरा त्याच्या बाजूने होता. तरी तू राखेची कड ओळखलीस. कितीही ठरवून केली असती, तरी याहून चोख परीक्षा मला घेता आली नसती.

"एवढा सगळा मना नाय कळला," ती अभ्र्याच्या टोकाने डोळे पुसत म्हणाली. "पन पास झाले ना?"

"पहिली आलीस."

"मंग ती पेटी कुठं चालली?"

मी सीवूड्सच्या गृहस्थांना फोन केला. ते सज्जन आहेत. त्यांनी कारण विचारले नाही.

नवा माल्ट मागवला, तोवर थंडी पडू लागली होती. आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा दोनवरून एकवर येणे, पण यीस्टला तेवढ्याचाही फार आनंद होतो. डब्याला या वेळी मी रबरी कडेचे घट्ट झाकण आणले. पत्नीने त्या डब्याकडे पाहायचेही नाही, असा तिचा तिनेच नियम केला. "मना तोच भाजावासा वाटतो," ती म्हणाली. भरडण्याआधी मी चार दाणे चावले. काच फुटली, खजूर पसरला. गाळताना काढा चमचाभर चाखला. जे माझ्या हातात होते ते सगळे मी पाहिले. त्यापुढचे तिच्याकडे होते.

बाटली उघडली ती दुपारच्या जेवणानंतर, स्वयंपाकघरातच. मेहुण्याला कळवले नव्हते. मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो आणि पेला तिच्या हातात दिला. रंग पहिल्या खेपेपेक्षा थोडा उजळ होता. तिने वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले.

"काय?" मी विचारले.

तिने हाताने थांबा अशी खूण केली. दुसरा घोट घेतला.

"कडू आहे का? जड वाटते? आधी काय लागतं?"

"थांबा ओ जरा. पिऊ द्या."

मी थांबलो. पस्तीस मुलांच्या वर्गात मी उत्तरासाठी इतका वेळ कधी थांबलो नसेन. ती सावकाश पीत राहिली. खिडकीतून खालच्या भाजीवाल्याची हाक आली, ती तिने ऐकली नाही. अर्धा पेला संपल्यावर तिने डोळे उघडले. मी समोर बसलो आहे हे तिला जणू तेव्हाच आठवले, आणि ती थोडी लाजली.

"सांगते," ती म्हणाली. "डोळे मिटा तुमी."

मी मिटले.

"पयल्यांदा भाकरीचा पापुद्रा. गरम, तव्यावरनं काढलेला. मग मनुका. नाय, मनुका नाय. खजूर, बी काढून तुपात परतलेला. ता सरकत सरकत पाठी जातो. आन् शेवटाला थोडा कडू. पन वंगाळ नाय, डिंकाच्या लाडवात जायफळ जास्ती झाल्यावर लागतो, तसा. ता गेला का जीभ पुन्ना कोरी." ती थांबली. "लागली का तुमाला?"

"लागली," मी म्हणालो. खोटे नव्हते.

मग ती पेला उजेडात धरून म्हणाली, "एक सांगू? तुमचा काळा माल पुडच्या खेपेला थोडा कमी करा. खजूर जरा बसून राहतो. लवकर उठला पायजे."

"किती कमी?"

"मूठभर."

"मूठ हे माप नाही. कोणाची मूठ?"

"माझी. दुसऱ्या कोनाची?"

मी फडताळातून वजनकाटा काढून ओट्यावर ठेवला, त्यावर वाटी ठेवली आणि काटा शून्यावर आणला. मग डब्याचे झाकण काढून डबा तिच्यापुढे धरला. तिने पदराला हात पुसला आणि माल्टमध्ये घातला.

"सैल धरू का घट्ट?"

"तुला वाटेल तशी," मी म्हणालो, आणि आकडा दिसावा म्हणून चष्मा लावला.